मागील शिल्लक
पालघर–तारापूरच्या जलप्रारूपांमधील आरंभिक पाणीपातळीविषयी

पालघर तालुक्यातल्या एखाद्या मुरमाड माळावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर त्यातले किती पाणी ओढ्याला लागेल? अमेरिकेच्या मृदसंधारण खात्याने १९५० च्या दशकात रूढ केलेली ‘कर्व्ह नंबर’ पद्धत आपल्याकडे आजही सर्रास वापरतात. त्या पद्धतीने जमिनीचा अंक ७५ धरला आणि आधीचे पाच दिवस बेताचा पाऊस झालेला असेल, तर उत्तर येते सुमारे ४१ मिलिमीटर. तेच पाच दिवस कोरडे गेले असतील तर १४. जमीन आधीच भिजून चिंब असेल तर ६६. पाऊस तोच, जमीन तीच, उतारही तोच. फरक पडला तो पहिला थेंब पडण्याआधी मातीत मुरून राहिलेल्या पाण्यामुळे. ओढा चपला हातात घेऊन ओलांडता येईल की बोईसरच्या सखल वस्तीत गुडघाभर पाणी शिरेल, हे पुष्कळदा या जुन्या पाण्यावर ठरते.

जलशास्त्रीय प्रारूप, म्हणजे कचेरीत आणि कॉलेजात ज्याला सगळे नुसते ‘मॉडेल’ म्हणतात ते, मुळात हिशेबाची वही असते. पाऊस जमेच्या बाजूला. बाष्पीभवन, उपसा आणि विसर्ग खर्चाच्या बाजूला. दर तासाला किंवा दर दिवसाला शिल्लक काढायची. पण कोणत्याही वहीच्या पहिल्या पानावर ‘मागील शिल्लक’ लिहावी लागते. नदीच्या पात्रात, धरणात, मातीच्या थरात, विहिरीत, खाडीत त्या दिवशी पाणी कुठपर्यंत होते, हे सांगितल्याशिवाय पुढचा एकही आकडा निघत नाही. हिलाच आरंभिक पातळी म्हणतात. पावसाच्या नोंदी मिळवण्यासाठी आपण महिनोन्महिने खेटे घालतो, जमिनीच्या उंचसखलपणाचे नकाशे विकत घेतो, आणि मागील शिल्लक मात्र सॉफ्टवेअरने त्या चौकटीत आधीच भरून ठेवलेल्या शून्यावर सोडून देतो.

मीही हे केले आहे. किनाऱ्यालगतच्या काही गावांचे भूजल मॉडेल करताना विहिरींच्या नोंदी हाताशी होत्या, त्या जशाच्या तशा भरल्या. पातळ्या विहिरीच्या कठड्यापासून मोजलेल्या होत्या. कुठे कठडा दोन फुटांचा, कुठे साडेतीन फुटांचा. मॉडेल चालू केले तेव्हा हिवाळा होता, पाऊस नव्हता, उपसाही नगण्य धरला होता. तरी पहिले तीन महिने पाणी या गावाखालून त्या गावाखाली सरकत राहिले. मी त्या बाणांचा नकाशा काढला आणि त्याला भूगर्भातील प्रवाह म्हटले. तो प्रवाह नव्हता. कठड्यांच्या उंचीतला फरक मॉडेल सपाट करत होते. या पुस्तकाचे बीज त्या नकाशात आहे.

या विषयाचा गाभा ध्यानात येण्यासाठी शेजारच्या शास्त्रात डोकावावे लागते. १९६१ मध्ये एडवर्ड लॉरेन्झ या हवामानशास्त्रज्ञाने संगणकावरची एक गणना मधूनच पुन्हा सुरू करताना ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ एवढाच आकडा भरला. थोड्याच आभासी महिन्यांत जुने आणि नवे हवामान एकमेकांशी ओळखही सांगेना. वातावरणात सुरुवातीची चूक वाढत जाते, हे तेव्हापासून सर्वांना ठाऊक झाले. पाणलोट क्षेत्राचा स्वभाव बहुतांशी याच्या उलट आहे. एकाच पाणलोटाची दोन मॉडेले घ्या, एकात माती कोरडी ठेवा, दुसऱ्यात ओली, आणि दोघांवर तोच पावसाळा सोडा. हळूहळू दोघे एकाच वाटेला लागतात. पाणी उताराने जाते, मुरते, वाफ होऊन उडते, आणि त्याबरोबर सुरुवातीची चूकही विरते. म्हणूनच ‘वॉर्म-अप’ची युक्ती चालते: हव्या त्या काळाच्या आधी वर्ष-दोन वर्षे मॉडेल चालवायचे आणि तेवढा निकाल टाकून द्यायचा.

पण चूक विरायला किती वेळ लागतो? याचे एकच एक उत्तर नाही, आणि माझ्या मते साऱ्या विषयाचे मर्म इथेच आहे. पाण्याच्या प्रत्येक घराची स्मरणशक्ती वेगळी असते. पालघर जिल्ह्याइतकी ही गोष्ट स्पष्टपणे दिसणारी जागा मला महाराष्ट्रात दुसरी माहीत नाही, कारण सह्याद्रीच्या कड्यापासून भरतीच्या रेषेपर्यंत ही सारी घरे इथे एकाला एक लागून आहेत.

सर्वांत विसराळू खाडी. दांडी, नवापूर, मुरबे, सातपाटी इथे साधारण १२ तास २५ मिनिटांनी भरती परत येते आणि खाडीतले पाणी पुन्हा समुद्राच्या मर्जीने वरखाली होते. उधाणाच्या भरती-ओहोटीतले अंतर या किनाऱ्यावर पाच मीटरांच्या आसपास जाते, त्यामुळे खाडीच्या मॉडेलमध्ये पहिली पातळी थोडी चुकली तरी चार-सहा भरत्यांत समुद्र ती पुसून टाकतो. मात्र पाणी ओसरत असताना मॉडेलमध्ये खाडी काठोकाठ भरलेली दाखवली, तर पहिल्याच तासात पाण्याचा लोंढा बाहेर धावतो आणि गणना कोसळते. मांगेला मच्छीमार तिथीवरून उधाण कधी आणि भांग कधी ते सांगतात. मॉडेलची सुरुवात भांगाच्या दिवशी, पाणी उभे राहण्याच्या वेळेला करावी, हे त्याच शहाणपणाचे गणिती रूप आहे. इथे एक चूक मात्र कोणतीही भरती पुसत नाही. भरतीच्या तक्त्यांमधली उंची सागरी नकाशांच्या आधारपातळीपासून मोजलेली असते, जमिनीची उंची सरासरी समुद्रसपाटीपासून. मुंबईत या दोन शून्यांमध्ये सुमारे अडीच मीटरांचे अंतर आहे. ते वजा करायचे राहिले तर सातपाटी कायमची पाण्याखाली जाते, आणि मॉडेल बिनतक्रार चालत राहते.

नदीची आठवण काही दिवसांची. सूर्या नदी धामणी धरणापासून कवडास, मासवण करत खाली येते आणि वैतरणेला मिळते. तांदुळवाडीच्या किल्ल्यावरून तो संगम दिसतो. पात्रातले पाणी दोन-तीन दिवसांत वाहून जाते, म्हणून सुरुवातीचा विसर्ग अंदाजाने भरला तरी चालून जाते. फक्त तो शून्य असू नये. कोरड्या पात्रावर प्रवाहाची समीकरणे टिकत नाहीत, म्हणून उन्हाळ्यातही एक बारीक धार सोडून पात्र आधी भरून घ्यावे लागते. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राची परंपरा १९१६ पासूनची. तिथे सिमेंट-वाळूच्या प्रत्यक्ष प्रतिकृतींवर नद्या आणि बंदरे अभ्यासली जातात. अशा वाळूच्या प्रतिकृतीत प्रयोगाआधी पाणी सावकाश चढू द्यावे लागते, नाहीतर तळाची वाळू पहिल्याच लोंढ्यात उखडते. संगणकातल्या नदीचेही तसेच.

माती मृगाला कोरडी ठणठणीत असते आणि आर्द्रा-पुनर्वसूपर्यंत भरून येते. कर्व्ह नंबर पद्धतीत पिकांच्या हंगामात मागच्या पाच दिवसांचा पाऊस ५३ मिलिमीटरच्या वर गेला की जमीन ‘ओली’ गणली जाते. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस घेणाऱ्या या पट्ट्यात जुलैमध्ये तेवढा पाऊस एका दुपारी पडतो. म्हणजे अमेरिकेतल्या शेतांसाठी आखलेले कोरडे-मध्यम-ओले हे तीन कप्पे आपल्याकडे पावसाळ्याच्या मध्यात निरुपयोगी ठरतात. सगळे दिवस तिसऱ्या कप्प्यात पडतात. त्याऐवजी मे महिन्यापासून मॉडेल चालवावे आणि मातीला तिच्या गतीने भरू द्यावे. एकट्या २० जुलैच्या पावसाचे मॉडेल करायचे असेल, तर मात्र त्या दिवसाची ओल विचारपूर्वक भरण्याला पर्याय नाही.

धरणाची गोष्ट निराळी. धामणीतले पाणी निसर्गापेक्षा माणसाच्या निर्णयांचे स्मरण ठेवते: रब्बीला किती आवर्तने दिली, नळयोजनांना किती उचल झाली, दरवाजे कधी उघडले. जून लागताना अर्धे रिकामे असलेले धरण पहिला पूर गिळून टाकते. ऑगस्टमध्ये तुडुंब भरलेले धरण तोच पूर जवळपास जसाच्या तसा पुढे ढकलते. सांडव्याची क्षमता तपासताना पूर येण्याच्या क्षणी जलाशय पूर्ण संचय पातळीला आहे असे धरण्याची प्रथा आहे. सुरक्षिततेसाठी ती योग्यच, पण तेच गृहीतक पाणीवाटपाच्या मॉडेलमध्ये आले तर दर वर्ष सुकाळाचे दिसते. या पातळीला कितीही वॉर्म-अप दिला तरी ती आपोआप जागेवर येत नाही, कारण माणसाने घेतलेले निर्णय समीकरणातून निघत नाहीत. ती धरणावरच्या नोंदवहीतूनच घ्यावी लागते. सुदैवाने ती रोज लिहिली जाते. फक्त पातळीवरून साठा काढण्याचा तक्ता किती जुना आहे आणि त्यानंतर तळाला किती गाळ बसला, एवढे विचारावे.

विहिरीपाशी मला जरा जास्त वेळ थांबायचे आहे. इथला खडक दख्खनच्या बेसॉल्टचा. वरचा मुरूम आणि भेगाळलेला थर पाणी धरतो. खालचा काळा कातळ जवळजवळ काहीच धरत नाही. या झिजलेल्या थराची पाणी सोडण्याची क्षमता त्याच्या आकारमानाच्या दोन टक्क्यांच्या आसपास धरतात. म्हणजे पातळीत एक मीटरची चूक झाली तर पाण्यात चूक होते २० मिलिमीटरची. ऐकायला क्षुल्लक वाटते. पण एका चौरस किलोमीटरवर ते होतात दोन कोटी लिटर, आणि जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर, जिथे इतका पाऊस पडूनही एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते, तिथे दोन कोटी लिटर हे साऱ्या उन्हाळ्याचे पाणी असू शकते. शिवाय भूजल सावकाश सरकते. मुरमातली चूक विरायला एखाद-दोन पावसाळे जातात, खोल भेगांतली त्याहून अधिक.

मग विहिरींच्या मोजलेल्या पातळ्यांचा नकाशा काढून तोच भरला तर? हा मोह सर्वांना होतो आणि तो घातक आहे. दहा विहिरींवरून काढलेला गुळगुळीत पृष्ठभाग खडकाच्या खऱ्या वळणांशी जुळत नाही. खऱ्या जमिनीत पाणी जिथे आहे तिथे का आहे, याला कारण असते. भरलेल्या नकाशाला तसे कारण नसते, म्हणून मॉडेल पहिल्या दिवसापासून ती विसंगती मिटवत बसते. अनुभवी भूजलतज्ज्ञ आधी तेच गुणांक आणि त्याच सीमा घेऊन दीर्घकाळच्या सरासरी पावसावर स्थिर अवस्थेचे मॉडेल सोडवतात आणि त्यातून आलेली पातळी पुढच्या, काळानुसार बदलणाऱ्या मॉडेलची सुरुवात म्हणून घेतात. स्थिर अवस्थेत भरलेली पातळी ही गणिताला दिलेला नुसता अंदाज असतो, तो कसाही असला तरी उत्तर बहुधा तेच येते. बदलत्या अवस्थेत तीच पातळी उत्तराचा भाग होते. या एका भेदावर पुस्तकात मी बरीच पाने खर्च केली आहेत. तरीही आपल्याकडे स्थिर अवस्था ही अर्धी कल्पनाच आहे, कारण चार महिने धो-धो आणि आठ महिने कोरडे अशा ठिकाणी पाणी कधीच स्थिर नसते. त्यामुळे सरासरीवर सोडवून झाल्यावर वर्षामागून वर्ष तोच पावसाळा देत, मे अखेरीची पातळी दरवर्षी सारखी येईपर्यंत मॉडेल फिरवावे लागते.

महाराष्ट्राच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची माणसे निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजतात: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. यंत्रणा १९७२ ची. १९९५ मध्ये सुरू झालेल्या जलविज्ञान प्रकल्पाने या नोंदींना शिस्त आणि संगणक दिले. मॉडेल फिरवून आलेली पातळी ताडून पाहायला माझा आग्रह मे महिन्याच्या नोंदीसाठी आहे. त्या वेळी मुरण थांबलेली असते, ओढे आटलेले असतात आणि पातळी रोज अगदी थोडी उतरत असते. नोंदीच्या तारखेत आठवडाभराचा घोळ असला तरी फार बिघडत नाही. ऑक्टोबरची पातळी भरघोस दिसते, पण ती घाईने उतरत असते. आणि मोजण्याआधी पंप चालला होता का, हे विहिरीच्या मालकाला विचारल्याशिवाय एकही आकडा लिहू नये.

किनाऱ्यावरचे गोडे पाणी हे या मालिकेतले सर्वांत दीर्घस्मृतीचे घर. केळवे-माहीमच्या वाड्या, डहाणूच्या चिकूच्या बागा, वसईची ‘बावखले’ नावाची तळी हे सारे खाऱ्या पाण्यावर तरंगणाऱ्या गोड्या पाण्याच्या थरावर उभे आहे. घायबेन आणि हर्झबर्ग यांनी एकोणिसाव्या-विसाव्या शतकांच्या सांध्यावर सांगितलेल्या नियमाने, समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडे पाणी असेल तर खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत खारे पाणी येत नाही. म्हणजे पातळीत एका फुटाची चूक झाली की खाऱ्या पाण्याची सीमा बारा मीटरने चुकते. आणि ती सीमा वर्षांच्या नव्हे, दशकांच्या गतीने हलते. आज विहिरीत लागणारा मचूळपणा मागच्या पिढीच्या उपशाचा असू शकतो. इथे मॉडेलला शंभर वर्षांचा वॉर्म-अप द्यायचा, तर शंभर वर्षांच्या उपशाचा हिशेब हवा, आणि तो कुणाकडेच नाही.

या साऱ्याच्या मागे दीडशे वर्षांहून मोठा इतिहास आहे. १८५१ मध्ये आयर्लंडच्या मल्वेनीने पावसावरून पुराचा कमाल विसर्ग काढण्याचे सूत्र दिले. १८५६ मध्ये दार्सीने फ्रान्समधल्या दिजाँ गावच्या पाणीपुरवठ्याच्या ग्रंथात वाळूतून झिरपणाऱ्या पाण्याचा नियम मांडला. १९३२ मध्ये शर्मनने ‘एकक जलालेख’ दिला. या पहिल्या परंपरेत एकेका पुराचा विचार होता, आणि आरंभिक स्थिती म्हणजे नदीतला मूळ प्रवाह वजा करणे आणि मातीने गिळलेल्या पाण्याचा एक आकडा धरणे, एवढीच होती. पुढे जपानमध्ये सुगावारांनी पाणलोटाची कल्पना एकाखाली एक ठेवलेल्या, बाजूला भोके असलेल्या टाक्यांची केली, तर अमेरिकेत क्रॉफर्ड आणि लिन्स्ले यांनी १९६६ मध्ये स्टॅनफर्ड मॉडेल पूर्णत्वाला नेले. मागील शिल्लक प्रथमच नाव घेऊन आली ती या मॉडेलांत: प्रत्येक टाकीत पहिल्या दिवशी पाणी किती? १९६९ मध्ये फ्रीझ आणि हार्लन यांनी आराखडा दिला की भौतिकशास्त्राची समीकरणे जमिनीच्या प्रत्येक चौकोनासाठी सोडवावीत. युरोपात त्यातून मोठी मॉडेले उभी राहिली, अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने १९८० च्या दशकात मॉडफ्लो हे भूजल मॉडेल आणले, आणि एका पातळीऐवजी हजारो पातळ्या भरण्याची वेळ आली.

याच सुमारास कीथ बेव्हन यांनी एक अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आणली: अगदी वेगवेगळे गुणांक भरलेली मॉडेले नदीच्या नोंदींशी सारखीच जुळतात. माझ्या दृष्टीने आरंभिक पातळीच्या चुकीचा खरा धोका इथे आहे. सुरुवातीला पाणी कमी भरले असेल, तर कॅलिब्रेशन, म्हणजे गुणांकांची जुळवणी, करणारा माणूस नकळत मुरण वाढवतो. आलेख जुळतो, सगळे खूश होतात, आणि चुकीची शिल्लक खडकाच्या गुणधर्माचा वेष घेऊन कायमची राहते. अलीकडची चेतापेशींसारखी शिकणारी जाळी या प्रश्नातून सुटली आहेत असे समजले जाते. तसे नाही. २०१८ च्या सुमारास पावसावरून विसर्ग ओळखणारी जी जाळी गाजली, त्यांना मागच्या ३६५ दिवसांचे हवामान दाखवावे लागे. तो वॉर्म-अपच आहे. उपग्रह आणि नदीवरच्या यंत्रांचे आकडे रोज मॉडेलमध्ये घालून शिल्लक दुरुस्त करत राहण्याची पद्धत सध्या सर्वांत आशादायक वाटते, पण तिलाही विसंबायला जमिनीवरच्या खऱ्या नोंदी लागतातच.

आज हा विषय कचेरीच्या कपाटात ठेवण्याजोगा राहिलेला नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर स्वतंत्र जिल्हा झाला. सूर्येचे पाणी आता जिल्ह्यातल्या शेतीसोबत वसई-विरार आणि मीरा-भाईंदर या शहरांसाठीच्या प्रादेशिक पाणीयोजनेलाही नेमून दिले आहे. त्या प्रादेशिक योजनेची क्षमता रोज ४०.३ कोटी लिटर ठरवली आहे. तारापूरला १९६९ पासून अणुवीज केंद्र आहे, शेजारी औद्योगिक वसाहत आहे, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली. प्रत्येक प्रकल्पासाठी कुणीतरी कुठेतरी पुराचे, भरतीचे किंवा भूजलाचे मॉडेल चालवत आहे, आणि प्रत्येकाच्या पहिल्या ओळीत एक पातळी भरलेली आहे. सांडपाण्याचे मॉडेल असेल तर त्या पाण्यात आधीच काय मिसळलेले होते, हाही आरंभिक स्थितीचाच प्रश्न होतो. नवापूर-दांडीच्या खाड्या स्वच्छ होत्या असे धरून केलेला अभ्यास तिथल्या मच्छीमाराला काय सांगणार? नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी परिसरात लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली. पावसाळ्यात मुरलेले पाणी खोल भेगांत दाब वाढवत असावे, अशी शक्यता काही भूभौतिकी संशोधकांनी मांडली आहे. तसे असेल तर कोणत्याही विहिरीत न दिसणारी एक पातळी आपल्या पायांखाली आहे.

हे पुस्तक पाटबंधारे, पाणीपुरवठा आणि भूजल खात्यांतले तरुण अभियंते, भूगोल-भूशास्त्राचे विद्यार्थी, आणि आपल्या गावाचा जलआराखडा कुणी कसा केला हे तपासू पाहणारे ग्रामपंचायतीचे सदस्य यांच्यासाठी आहे. धामणीपासून तारापूरच्या किनाऱ्यापर्यंतचा एकच पट्टा उदाहरण म्हणून शेवटपर्यंत धरला आहे, म्हणजे खाडीची पातळी भरताना वाचकाला विहीर विसरता येणार नाही. कोणत्याही एका सॉफ्टवेअरची बटणे शिकवलेली नाहीत. ती दर दोन वर्षांनी बदलतात. त्याऐवजी प्रत्येक ठिकाणी तेच प्रश्न विचारले आहेत: ही पातळी कुठून मोजली, कोणत्या दिवशी, आणि ती चुकली असेल तर मॉडेल ती किती दिवसांत विसरेल? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळवण्याची रीत सोपी आहे. पातळी मुद्दाम एक मीटर वर आणि एक मीटर खाली भरून दोनदा मॉडेल चालवा, आणि दोन्ही आलेख कधी एकत्र येतात ते पाहा. ते एकत्र आले तर त्या तारखेनंतरचा निकाल वापरा. आले नाहीत, तर टेप घेऊन विहिरीवर जा.

किनाऱ्यावरच्या खाऱ्या सीमेचे प्रकरण या पुस्तकात सर्वांत तोकडे आहे. ते भरून काढण्यासाठी केळवे ते डहाणू या पट्ट्यातल्या जुन्या विहिरींचे पाणी कोणत्या साली गोडे होते आणि कोणत्या सालापासून मचूळ झाले, एवढीच माहिती हवी आहे. ती कोणत्याही कचेरीत नाही, वाड्यांमधल्या म्हाताऱ्या माणसांकडे आहे.